कळादगी खोऱ्यात तेल आहे का, आणि देशाच्या तेल-वायूचं पुढे काय?

हिरण्यकेशी (संकेश्वर)

मंडळी, नमस्कार. केंद्र सरकारच्या तेल-वायूच्या नकाशात देशातली २६ गाळखोरी दाखवली आहेत. त्यात ‘भीमा-कळादगी’ असं एक नाव आहे. कळादगी गाव बागलकोट जिल्ह्यातलं, पण त्या खडकांचा पट्टा आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक, रामदुर्ग, सौंदत्तीपर्यंत येतो. त्यामुळं आमच्या भागात एक बोलणं पक्कं झालंय की खाली तेल आहे, सरकार काढत नाही. कुणाच्या बोअरच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला की या बोलण्याला आणखी जोर चढतो.

कळादगीत तेल किंवा वायू सापडण्याची खरोखर किती शक्यता आहे? निपाणी-चिकोडीकडं वर काळा पाषाण आहे, त्याच्या खाली काय असेल? बोअरमधला तवंग कशाचा आहे हे घरच्या घरी ओळखता येतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, देशाचं स्वतःचं उत्पादन येत्या आठ-दहा वर्षांत वाढेल का घटेल? जाणकारांनी आकडे देऊन सविस्तर सांगा की.

गाळखडक

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

यादीत नाव असण्याचा अर्थ एवढाच की तिथं गाळाचे खडक बऱ्यापैकी जाडीनं साठलेले आहेत. २६ खोऱ्यांचे तीन वर्ग केलेत. पहिल्यात उत्पादन चालू असलेली खोरी येतात: मुंबई समुद्र, खंबात, राजस्थान, आसाम, कृष्णा-गोदावरी, कावेरी वगैरे. दुसऱ्यात तेल-वायू सापडलाय पण व्यापारी उत्पादन उभं राहिलेलं नाही अशी, उदाहरणार्थ कच्छ, विंध्य, महानदी, अंदमान. तिसऱ्यात नुसती शक्यता मांडलेली. भीमा-कळादगी तिसऱ्यात आहे.

आता खडक बघा. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो, सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर ज्याचा आहे, तो कळादगीचा क्वार्टझाइट. मुळात तो वाळूचा दगड. पण कणांमधल्या पोकळ्या सिलिकानं इतक्या घट्ट भरल्यात की हातोडा मारला तर तडा कण फोडून जातो, कणांच्या कडेनं जात नाही. तेल साठायला खडकात पोकळी लागते. चांगल्या वाळूखडकात ती १५ ते २५ टक्के असते. अशा क्वार्टझाइटमध्ये भेगा सोडल्या तर जवळजवळ काहीच उरत नाही. लोकापूर-यादवाडकडं चुनखडी आणि डोलोमाइट आहे. त्यात स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे प्राचीन सूक्ष्मजीवांच्या थरांचे ठसे, दिसतात. म्हणजे उथळ समुद्र होता, जीव होते, सेंद्रिय द्रव्यही काही प्रमाणात होतं. गाळाची एकूण जाडीही कमी नाही, सगळे थर मोजले तर चार किलोमीटरच्या आसपास जाते. मग अडचण कुठं आहे?

अडचण वयात आहे. या खोऱ्यातले खालचे, जाड थर शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. सेंद्रिय गाळ साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानाला शिजला की तेल तयार होतं. दर किलोमीटरला २५-३० अंश धरले तर ही खोली दोन ते चार किलोमीटर येते. त्याहून जास्त तापलं तर तेल मोडून वायू होतो, आणि २०० अंशांच्या वर तोही बनायचा थांबतो. कळादगीत हे शिजणं घडलं असेल तर ते फार पूर्वी. त्यानंतर या खालच्या थरांना (त्यांना बागलकोट गट म्हणतात) वळ्या पडल्या, भेगा गेल्या, वरचे थर झिजून गेले. जे काही तयार झालं असेल ते एवढा काळ कोंडून ठेवायला वर पक्कं झाकण पाहिजे. ओमान आणि पूर्व सायबेरियात अशाच फार जुन्या, कँब्रियनपूर्व (५४ कोटी वर्षांच्या आधीच्या) खडकांतलं तेल आजही मिळतं, कारण तिथं वर मिठाचे जाड थर आहेत. मीठ भेगाळत नाही, दाबाखाली वाहून भेग बुजवतं. कळादगीत तसा मिठाचा थर नाही.

म्हणून “शक्यता शून्य” असं मी म्हणणार नाही. भारतातच विंध्य खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या दमोह जिल्ह्यात हट्टा इथं ओएनजीसीला रोहतास चुनखडीत वायू मिळाला. तो खडकही प्राचीनच. राजस्थानात बाघेवाला इथं १९९१ साली ऑइल इंडियाला जुन्या वाळूखडकात जड तेल मिळालं, इतकं घट्ट की वाफ सोडून पातळ करावं लागतं. कळादगीत काही मिळालंच तर ते घट्ट खडकातला थोडा वायू असण्याची शक्यता जास्त. तेलाच्या विहिरींची रांग उभी राहील असं चित्र इथं बसत नाही.

निपाणी-चिकोडीचा पाषाण. आपण दख्खनच्या लाव्ह्याच्या दक्षिण काठावर आहोत, त्यामुळं त्याची जाडी उत्तरेपेक्षा खूप कमी. खाली काय आहे हे ठिकाणागणिक बदलतं. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या बाजूला पाषाण झिजलेल्या जागी कळादगीचे खडक उघडे पडलेत, म्हणजे काही भागात पाषाणाखाली तेच असणार. पण सगळीकडं गाळ असतोच असं नाही. कोयनेच्या भूकंप संशोधनासाठी घेतलेल्या १५२२ मीटर खोल छिद्रात ९३२.५ मीटरपर्यंत पाषाण लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा खडक. मध्ये गाळाचा थर नाही. किल्लारीच्या छिद्रात ३३८ मीटर पाषाण, मग अवघा ८ मीटर गाळ, मग पुन्हा कठीण तळखडक. “पाषाणाखाली तेलाचा समुद्र” म्हणणाऱ्यांना हे दोन आकडे दाखवा.

पाषाणातून तेल येतच नाही असंही नाही. गुजरातेत पादरा इथं भेगाळलेल्या दख्खन पाषाणातूनच तेल निघतं. पण ते तेल पाषाणात जन्मलेलं नाही. लगतच्या खंबात खोऱ्यातल्या कोवळ्या, सेंद्रिय गाळातून ते त्या भेगांत शिरलं. आपल्याकडं तसा गाळ शेजारी नाही.

एक तांत्रिक गोष्टही सांगतो, कारण “सर्वेक्षण झालं तरी सांगत नाहीत” असं लोक म्हणतात. भूकंपलहरींचं सर्वेक्षण पाषाणावर अवघड जातं. पाषाणात लहरी सेकंदाला पाच-साडेपाच किलोमीटरनं धावतात, मधल्या गेरूच्या आणि मांजऱ्या दगडाच्या थरांवर आपटून विखुरतात, आणि बरीचशी ऊर्जा वरूनच परत येते. खालचा थर कमी वेगाचा असेल तर अपवर्तनाच्या पद्धतीला तो दिसतच नाही. म्हणून सोबत गुरुत्व आणि मॅग्नेटोटेल्युरिक (खडक वीज किती वाहतो ते बघणारी) मोजणी करतात. गाळाचे थर वीज जास्त वाहतात, पाषाण कमी, त्यावरून अंदाज येतो. पण शेवटचा निकाल विहीर खोदूनच लागतो.

वेदगंगा_बोअरवेल

गाळखडक सरांनी मूळ सांगितलं. तवंगाचं मी सांगतो.

काडी घ्या, तवंगाला मधोमध टोचा. तवंग काचेच्या तुकड्यांसारखा फुटला आणि तुकडे वेगळेच राहिले तर तो लोहजीवाणूंचा. लोखंड जास्त असलेल्या पाण्यात, जांभ्याच्या भागात, खानापूरकडं हा नेहमीचा. सोबत तांबूस शेवाळासारखा गाळ असतो. तवंग काडीभोवती फिरून पुन्हा मिटला तर तेलाचा समजा.

तेलाचा निघाला तरी ते खडकातलं असण्याआधी चार जागा तपासायच्या. नवीन बोअर असेल तर ते हॅमरचं तेल असतं. आपल्याकडचे रिग हवेच्या दाबावर हॅमर चालवतात आणि त्या हवेतच वंगण सोडलेलं असतं, ते थेट बोअरमध्ये उतरतं. तासभर फ्लशिंग न करता मोटर सोडली तर आठ-दहा दिवस तवंग दिसतो. जुना बोअर असेल तर मोटर. तेल भरलेल्या सबमर्सिबलचं सील गेलं की तेल पाण्यात येतं; मोटर वर काढली की तेलाची पातळी उतरलेली दिसते. तिसरी जागा शेजारचा पेट्रोल पंप किंवा गॅरेज. जमिनीखालची टाकी गळत असेल तर पाण्याला पेट्रोलचा किंवा रॉकेलचा वास येतो, आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की वास वाढतो. चौथी, केसिंगच्या तोंडाशी झालेली सांड. डिझेल इंजिनवर पंप चालत असेल तर हेच कारण असतं, शंभरात नव्वदवेळा.

शंका राहिलीच तर पाणी काचेच्या गडद बाटलीत, काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भरा. प्लास्टिक नको, ते तेल शोषतं. बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत द्या आणि ‘खनिज तेल’ व ‘बेंझीन-टोल्युईन’ या दोन तपासण्या मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. त्याच्यावर गेलं तर ते पाणी बंद करा, जनावरांनाही देऊ नका.

बोअरमधून बुडबुडे किंवा फुसफुस येत असेल तर काडी पेटवून बघू नका. बहुतेक वेळा ती कोंडलेली हवा असते, पण साचलेल्या सेंद्रिय गाळातून मिथेनही येऊ शकतो. आणि जुन्या आडात आतली हवा यंत्रानं तपासल्याशिवाय उतरू नका; पेटता कंदील सोडून बघायची जुनी पद्धत मिथेन असेल तिथं धोक्याची. आत प्राणवायू नसेल तर उतरलेला माणूस वर येत नाही.

ड्रिलफ्लोअर

आता देशाचं. आकड्यांवरूनच बोलू.

२०११-१२ साली देशात कच्चं तेल सुमारे ३.८ कोटी टन निघालं. २०२४-२५ मध्ये ते २.८७ कोटी टनांवर आलं. चौथा हिस्सा गेला. याच काळात वापर वाढत गेला, २०२४-२५ मध्ये पेट्रोलियम पदार्थांचा खप २३.९ कोटी टनांच्या आसपास होता. आयातीवरचं अवलंबित्व ८८ टक्क्यांच्या पुढं गेलं. नैसर्गिक वायूचं उत्पादन २०१०-११ मध्ये ५२ अब्ज घनमीटर होतं, आता ३६ अब्ज. गरजेचा निम्मा वायू द्रवरूपात जहाजानं येतो.

उत्पादन का घटतं हे नीट समजून घ्या, कारण पुढचा अंदाज त्यावरच उभा आहे. तेलाचं क्षेत्र म्हणजे दाबाखालचा दगडी स्पंज. सुरुवातीला दाबानं तेल आपोआप वर येतं. दाब उतरला की पाणी आत सोडून तेल ढकलावं लागतं. मग काही वर्षांनी तेच पाणी वाट शोधून उत्पादन-विहिरीत येतं. मुंबई हायचा मुख्य थर चुनखडीचा आहे. त्यात घट्ट आणि सच्छिद्र पट्ट्या एकाआड एक आहेत. पाणी सच्छिद्र पट्टीतून पळतं आणि घट्ट पट्टीतलं तेल मागं राहतं. हे क्षेत्र १९७४ ला सापडलं, १९७६ पासून चालू आहे, १९८५ च्या सुमाराला शिखरावर होतं. आज जमिनीतल्या एकूण तेलापैकी तिथं ३० टक्क्यांच्या आसपासच वर आलंय. बाकीचं तिथंच आहे, पण काढायला दर बॅरलला जास्त कष्ट आणि पैसा लागतो.

जुन्या क्षेत्रात काहीच केलं नाही तर उत्पादन वर्षाला ७-८ टक्क्यांनी घसरतं असं धरतात. आता हिशोब करा. २.८७ कोटी टनांच्या ७ टक्के म्हणजे सुमारे २० लाख टन. इतकं नवं तेल दरवर्षी आणलं तर आपण आहोत तिथंच उभे. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रातला ओएनजीसीचा ९८/२ प्रकल्प पूर्ण क्षमतेला दिवसाला ४५,००० बॅरल देईल असं ठरलं होतं. ७.३ बॅरलला एक टन धरला तर वर्षाला साडेबावीस लाख टन होतात. म्हणजे एवढा मोठा प्रकल्प, पूर्ण चालला तर, साऱ्या देशाच्या एका वर्षाच्या घसरणीची भरपाई करतो. आणि त्याचं पहिलं तेल मुदती पुढं ढकलत ढकलत ७ जानेवारी २०२४ ला आलं. तिथलं तेल मेणाचं. समुद्रतळाच्या थंडीत गोठू नये म्हणून नळीत नळी घालून उष्णता राखावी लागते.

प्रत्यक्षात घट ७ टक्के दिसत नाही, दोनेक टक्के दिसते. ती रोखून धरणारी कामं कुणाच्या नजरेत येत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. जुन्या विहिरीतून तिरकी शाखा काढणं. गॅस-लिफ्ट, म्हणजे विहिरीत वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करणं. पाणी येणारं छिद्र सिमेंटनं बंद करून वरचा थर उघडणं. मेण खरवडणं. बाडमेरच्या मंगला क्षेत्रात पाण्यात पॉलिमर घालून ते दाट करतात, म्हणजे पाणी तेलाला मागं टाकून पुढं पळत नाही, त्याला ढकलतं. तिथलं तेलही मेणाचं असल्यानं गुजरातपर्यंतची सुमारे ६७० किलोमीटरची पाइपलाइन सबंध तापवलेली ठेवावी लागते. मुंबई हायसाठी जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीनं बीपी कंपनीला तांत्रिक सेवेसाठी घेतलं. दहा वर्षांत तेल ४४ टक्के आणि वायू ८९ टक्के वाढवता येईल असं बीपीनं सुचवलं आहे. माझ्या मते येत्या दहा वर्षांचा निकाल नव्या शोधांपेक्षा अशा जुन्या क्षेत्रांतच लागणार आहे, कारण तिथं प्लॅटफॉर्म, नळ्या, माणसं सगळं तयार आहे. नवीन विहीर खोदली तर सहा महिन्यांत तेल मिळतं. नव्या खोऱ्यात परवान्यापासून तेलापर्यंत आठ-दहा वर्षं सहज जातात.

वायूच्या बाबतीत मोठ्या आकड्यांवर विसंबण्याआधी रिलायन्सच्या केजी-डी६ या कृष्णा-गोदावरीच्या समुद्रातल्या गटाचं (शोधासाठी दिलेल्या पट्ट्याचं) उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. एप्रिल २००९ ला उत्पादन सुरू, २०१० मध्ये दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटर, ठरलं होतं ८ कोटी. मग विहिरींत पाणी आणि वाळू शिरली. चार वर्षांत उत्पादन कोसळलं आणि पहिली दोन क्षेत्रं फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली. कंपनीनं भूगर्भाचं कारण दिलं, सरकारनं ठरल्याएवढ्या विहिरी न खोदल्याचं. पुढं त्याच गटात आर-क्लस्टर, सॅटेलाइट क्लस्टर आणि एमजे ही क्षेत्रं २०२० ते २०२३ मध्ये उघडली, म्हणून देशाचा आकडा सावरला.

माझा अंदाज: तेल पुढची काही वर्षं २.७ ते ३ कोटी टनांच्या पट्ट्यात राहील. वायू थोडा वाढेल. खप मात्र दोघांपेक्षा जोरात वाढणार, म्हणून आयातीची टक्केवारी कमी होताना दिसणार नाही.

मांडवी_काठ

ड्रिलफ्लोअर साहेब, तुमचं जुन्या क्षेत्रांचं म्हणणं मान्य. पण नव्या शोधांना तुम्ही फारच कमी वजन देताय.

तेल-वायू शोधाच्या २०१६ च्या धोरणानं सगळा हिशोब बदलला. आधी खर्च वजा करून मग नफा वाटायचा, त्यामुळं प्रत्येक बिलावर वाद. आता उत्पन्नातला ठरलेला वाटा सरकारला, एकाच परवान्यात तेल, वायू, शेल सगळं. खोल समुद्रात पहिली सात वर्षं रॉयल्टी नाही. २०२२ मध्ये संरक्षण आणि इतर कारणांनी बंद असलेलं सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर सागरी क्षेत्र खुलं केलं. २०२५ मध्ये १९४८ चा तेलक्षेत्र कायदाही दुरुस्त झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून १७ किलोमीटरवर, २९५ मीटर पाण्यात, ऑइल इंडियाच्या श्री विजयपुरम-२ विहिरीत वायू मिळाला. त्यात ८७ टक्के मिथेन. म्यानमार आणि सुमात्राच्या त्याच पट्ट्यात आधीपासून वायू निघतो. बंगालचं बघा. १९५० च्या दशकात तिथं विहिरी खोदल्या, काही हाती लागलं नाही. २०१८ ला अशोकनगरला तेल-वायू सापडला आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन सुरू होऊन ते खोरं वरच्या वर्गात गेलं. साठ वर्षं ‘रिकामं’ म्हणून शिक्का होता.

ड्रिलफ्लोअर

बंगालचं उदाहरण चांगलं आहे, आणि तेच माझ्या बाजूनंही बोलतं: साठ वर्षं लागली.

अंदमानचा वायू खरा आहे, त्याचा आनंदच आहे. पण एका विहिरीत वायू लागणं आणि क्षेत्र सिद्ध होणं यात बरंच अंतर असतं. आधी विहीर वाहती ठेवून चाचणी घ्यायची: दाब किती, तो किती लवकर उतरतो, बंद केल्यावर परत किती चढतो. त्यावरून टाकी लहान की मोठी हे कळतं. मग आजूबाजूला दोन-तीन मूल्यमापन विहिरी. मग वायू न्यायचा कुठं? मुख्य भूमी हजार किलोमीटरहून दूर. एवढी खोल समुद्री पाइपलाइन फक्त खूप मोठ्या साठ्याला परवडते. साठा मध्यम असेल तर बेटांवरची डिझेलची वीज बंद करून वायूवर चालवणं हाच शहाणा उपयोग, आणि तेही छोटं काम नाही.

खोल समुद्रातली एक विहीर दहा कोटी डॉलरच्या घरात जाते. ती कोरडी निघाली तर सगळे पैसे पाण्यात. म्हणून परदेशी कंपन्या धोरणाबरोबर कराची स्थिरताही बघतात. जुलै २०२२ मध्ये देशातल्या कच्च्या तेलावर अचानक जादा कर लागला, तो डिसेंबर २०२४ मध्ये काढला. ज्यांनी वीस वर्षांचा हिशोब मांडायचा त्यांना असे धक्के लक्षात राहतात. वायूच्या दराचंही तसंच. जुन्या क्षेत्रांच्या वायूला कमाल दर एप्रिल २०२३ मध्ये साडेसहा डॉलर ठरला, नंतर थोडा वाढला. पण सरकारी कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रात नवी विहीर खोदली तर तिच्या वायूला कच्च्या तेलाच्या भावाच्या १२ टक्के दर मिळतो. धोरणातली ही बारीक तरतूद मला मोठ्या घोषणांपेक्षा जास्त कामाची वाटते. तिनं पुढच्याच वर्षी विहिरी वाढतात.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

सगळ्यांचे आभार. दोन जोड-प्रश्न. आपल्या जिल्ह्यातून दाभोळ-बेंगळूरु वायुवाहिनी गेलीय. तो वायू देशातला की बाहेरचा? आणि ज्यांच्या रानातून ती गेली त्यांना काय करता येतं, काय नाही? वायूचं भविष्य आमच्या भागाला प्रत्यक्ष तिथंच भिडतं. इथेनॉलनं आयात किती वाचते तेही सांगा.

ऊसपट्टा

गेलची ही वाहिनी २०१३ मध्ये चालू झाली. दाभोळला पन्नास लाख टन क्षमतेचं द्रवरूप वायूचं बंदर आहे. तिथं लाटा अडवणारी भिंत नसल्यानं अनेक वर्षं पावसाळ्यात जहाजं लागत नव्हती. उत्तरेकडून पनवेलमार्गेही वायू येतो. नळीत दोन्ही मिसळतात, त्यामुळं आपल्या शहरातल्या स्वयंपाकाच्या नळाला येणारा वायू ‘देशी’ की ‘परदेशी’ हे रेणू बघून सांगता येत नाही. हिशोब कागदावर होतो. घरगुती आणि गाड्यांच्या वायूला देशी स्वस्त वायूत प्राधान्य आहे, पण तो पुरत नाही, म्हणून उरलेला आयातीच्या भावानं. जहाजाचा भाव चढला की सीएनजी का चढते, त्याचं कारण हे.

रानाचं. १९६२ च्या पाइपलाइन कायद्यानं जमीन तुमचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के मोबदला, शिवाय पीक-झाडांचं नुकसान वेगळं. त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं, बंधारा करायचा नाही आणि झाडं लावायची नाहीत. ऊस, सोयाबीन, तंबाखू, भाजी चालते. नळी साधारण एक ते सव्वा मीटर खाली असते, त्यामुळं नांगर, रोटावेटरला धोका नाही. घात होतो तो जेसीबीनं. ठिबकच्या मुख्य नळीसाठी किंवा चरासाठी दीड मीटर खणताना बादली नळीवरच्या आवरणाला खरचटते; त्या दिवशी काही होत नाही, पण तिथून गंज सुरू होतो. पट्ट्यात यंत्र घालण्याआधी खांबावरच्या नंबरला फोन करा, माणूस येऊन नळी कुठून जाते ते खुणेनं दाखवतो. वारस नोंद किंवा वाटणी झाली असेल तर मोबदल्याच्या अर्जाला उताऱ्याची नवी प्रत जोडा. अडकतं ते बहुधा तिथंच. दर मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडं दाद मागता येते.

इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण २०२५ मध्ये गाठलं, त्याला वर्षाला सुमारे १००० कोटी लिटर इथेनॉल लागतं. लिटरला लिटर धरू नका. इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. म्हणजे ६६०-६७० कोटी लिटर पेट्रोल वाचलं, वजनात सुमारे पन्नास लाख टन. देशात निघणाऱ्या कच्च्या तेलाच्या सहाव्या हिश्शाएवढं हे वजन आहे, आणि त्यात आपल्या घटप्रभा-कृष्णा काठच्या उसाचा वाटा आहे. थेट रसापासून केलं तर टनाला ७० लिटरच्या आसपास इथेनॉल मिळतं. पण डिझेलला याचा उपयोग होत नाही, आणि देशात सगळ्यात जास्त खप डिझेलचाच आहे. शिवाय आता इथेनॉलचा मोठा हिस्सा मका-तांदळातून येतो. पाऊस हुकला की ऊस आणि पाणी दोन्ही कमी, हेही धरूनच चाला.

गाळखडक

कळादगीबद्दल शेवटचं. ज्या भागांचं कधी नीट मोजमाप झालं नव्हतं तिथं २०१६ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय भूकंपलहरी सर्वेक्षण हाती घेतलं, एकूण ४८,२४३ किलोमीटर रेषा. अशी माहिती हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या नोएडातल्या राष्ट्रीय माहिती-भांडारात ठेवतात. २०१७ पासून कुठलीही कंपनी ती घेऊन स्वतः गट आखून मागू शकते, सरकारनं काढलेल्या गटांची वाट बघावी लागत नाही. म्हणून “सरकार दडवतंय” म्हणणाऱ्याला विचारायचा प्रश्न हा: एखाद्या कंपनीनं कळादगीचा गट मागितला आहे का? आणि मागितला असेल तर त्यात किती विहिरी खोदायचं लेखी बांधील केलंय? नुसत्या सर्वेक्षणाचं आश्वासन असेल तर तिला खात्री नाही असं समजा. विहिरीचं असेल, तीही दोन किलोमीटरपेक्षा खोल, तर मग लोकापूरच्या चुनखडीकडं आपण सगळ्यांनीच लक्ष ठेवायला हवं.